अजून काही?

उशीर दोघांनाही झाला, म्हणून जोडी जमली. नाहीतर ती कशाला जाते त्या चष्मिशच्या वाटेला! एम.ए. समाजशास्त्राचा वर्ग, मुलाखतीचा सराव, आणि वेळेवर आलेल्यांनी आपापले सोबती केव्हाच धरलेले. उरले हे दोघे, धापा टाकत.

"आधी मी विचारू, की तू?" तो म्हणाला.

"विचारलंस की आता!"

तो हसला. बाईसाहेबांची विकेट तिथेच पडली, पण कबूल कोण करतंय?

घरी तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. काका चिडवायचे, "समाजशास्त्र म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात डोकावायचं, तेही पदवी घेऊन! नोकरी कोण देणार?" अशा या रेडिओला सरांनी शिकवलं, प्रश्न विचारा आणि गप्प बसा. समोरचा अडखळला तरी मध्ये पडू नका. आपलं मत चेहऱ्यावरसुद्धा दिसता कामा नये. शेवटी न विसरता विचारा, "अजून काही?" तिला ते इतकं साधलं की सर म्हणाले, शिकावं तर हिच्यासारखं.

मुलाखतींसाठी दोघांनी मिळून वस्त्या पालथ्या घातल्या, दारं ठोठावली, एका छत्रीत अर्धे-अर्धे भिजले.

"तुझ्यासमोर माणूस नको तेही बोलून जातो," तो म्हणायचा.

"मग तू का नाही बोलत?"

"बोलेन... एक दिवस."

शिक्षण संपलं आणि तो दिवस आला. लांबच्या एका संस्थेत त्याला नोकरी लागली होती. रिकाम्या वर्गात चष्मा पुसत तो म्हणाला, "मला तू – म्हणजे – फार आवडतेस. तू थांब म्हणालीस तर मी नाही जाणार."

थांब, हेच तर तिला म्हणायचं होतं! पण त्याला अजून काही बोलायचं असेल, मध्ये पडलं तर राहून जाईल, असं वाटून ती गप्प बसली. चेहरा कोरा. तो वाट बघत राहिला... आणि मेली ती सवय! तोंडातून निघालं, "अजून काही?"

"नाही. एवढंच," तो म्हणाला आणि उठला.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या उजाडला तोवर तो गाडीत बसला होता. मग फोनवर काय बोलायचं, कसं बोलायचं, असं आज-उद्या करता करता वर्षं गेली.

काका मात्र खोटे ठरले. सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीत तिला चांगली नोकरी मिळाली. आता नव्या मुलांना मुलाखत घ्यायला तीच शिकवते. आणि आज संस्थेचं काम घेऊन तो तिच्या ऑफिसात आला. केस पिकलेले, हसू तेच.

"त्या दिवशी मनातून हसली असशील ना मला?"

"थांब म्हणायचं होतं रे मला."

तो गप्प राहिला. चेहरा कोरा. पण दोघांचे सर एकच, तिला सगळं कळलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "बाबा, कधी येताय?"

"आलोच गं राणी." तो उठला. दाराशी थबकला. "एक शब्द बोलायचास गं..." आणि गेला.

डोळे पुसून ती वर्गात आली. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, समोरच्याने उलट आपल्यालाच काही विचारलं तर?"

रोज ती सांगायची, हसा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. आज तिला हसता येईना.

"मनापासून विचारत असेल," ती म्हणाली, "तर उत्तर दे गं बाई. लगेच दे. नियम गेला चुलीत."