शेवटची चाळीस पानं

नवा चष्मा तयार झाला की आमच्या दुकानात गिऱ्हाईकाच्या हातात अक्षरांचा पुठ्ठा देतात. मेइरमने तो बाजूला सारला आणि पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं. वर वर्तमानपत्राचं कव्हर होतं. मधलंच पान उघडून तो मोठ्याने वाचू लागला. "लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबली. इल्यास अजून दौरेनच्या ओठांचाच…"

तो थांबला. कान लाल झाले होते.

"अक्षरं स्पष्ट दिसली वाटतं," मी म्हणालो.

"नको तितकी."

चष्म्याची दांडी त्याच्या उजव्या कानामागे दाबत होती. ती गरम करून वाकवली, पुन्हा बसवून पाहिली. माझी बोटं त्याच्या कानाला लागली… गरजेपेक्षा थोडा वेळ जास्तच. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. तो गेल्यावर पाहिलं, तर पुस्तक काउंटरवरच. फोन केला तर म्हणाला, मुद्दाम ठेवलंय, तुम्हीही वाचा, घाई नाही.

मी कादंबऱ्या वाचणारा माणूस नाही. पण या कादंबरीतली लिफ्ट बटणाला जुमानत नाही. मनात ज्याचा विचार असेल, त्याच्या मजल्यावर ती थांबते. पाचव्या मजल्यावरचा इल्यास पाव आणायला म्हणून खाली निघतो आणि रोज नवव्या मजल्यावर एकटा राहणाऱ्या दौरेनच्या दारात पोहोचतो. रोज नवी थाप. कधी मीठ हवंय, कधी पाना. इमारतीत कुणालाच त्याचं नवल नाही. म्हाताऱ्या लिफ्टला शिव्या घालत जिने चढतात, एवढंच. मी बसमध्ये एकटाच हसलो, माझा थांबा मागे गेला. पुढे ते दोघं एकत्र राहू लागतात आणि भांडतात ते भांडी कुणी घासायची यावरून.

मी आणि सेरझानही त्यावरूनच भांडायचो. नऊ वर्षं एका घरात राहिलो. शेजारी आम्हाला मावसभाऊ समजायचे. सेरझानला जाऊन दोन हिवाळे झाले.

चाळीस पानं उरली असताना दौरेनला रुग्णालयात नेतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. तिथे मी पुस्तक मिटलं.

स्क्रू सैल झालाय म्हणून मेइरम आला. आठवड्यात तिसऱ्यांदा. स्क्रू घट्टच होता. मी पुस्तक परत केलं. फार आवडलं, पण पुढचं वाचणार नाही, असं सांगितलं. त्याने कारण विचारलं, आणि दुकानात कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते मी त्याला सांगून बसलो. सेरझानचं आजारपण, रुग्णालयातली ती खुर्ची, सगळं. त्याने सांत्वन केलं नाही. फक्त म्हणाला, शेवट त्यानेही वाचलेला नाही. मला देता यावं म्हणून अर्ध्यातच सोडलं होतं. पुस्तक काखेत मारून तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धापा टाकत आला. डोक्यावर टोपी नव्हती, केसांत बर्फ.

"सुयिन्शी," तो म्हणाला.

आमच्याकडे चांगली बातमी आणणाऱ्याने हे म्हटलं की तो मागेल ते द्यावं लागतं. मी हातातली काच खाली ठेवली. आधी बातमी सांग म्हटलं.

"दौरेन जगतो. दोघंही जगतात. भांडी अजून इल्यासच घासतो."

पुसलेलीच काच मी उचलून पुन्हा पुसत राहिलो. मग विचारलं, काय हवंय?

"रविवार."

"कुठला?"

"येणारा. सगळा… जमलं तर."

मी त्याला सरळ सांगितलं. रविवारी सकाळी मी सेरझानच्या कबरीवर जातो. आजवर एकही रविवार चुकवला नाही, पुढेही चुकवणार नाही. वाटलं, आता हा मागे सरेल.

त्याने जरा विचार केला.

"मग मी कबरस्तानाच्या फाटकापाशी थांबतो," तो म्हणाला. "कितीही वेळ लागू दे. नंतर कुठेतरी गरम गरम जेवू."

तो उत्तराची वाट बघत उभा होता. बर्फाचं पाणी कपाळावरून ओघळत होतं, तेही पुसत नव्हता.

"फाटकापाशी वारा फार असतो," मी म्हणालो. "आतच ये."