खिडकीपाशी बसणारी निकिता

वाघोलीच्या कॉलेजातल्या प्रशिक्षणाला मी पोचले तेव्हा सरावासाठी सगळ्यांच्या जोड्या लागून गेल्या होत्या. उरला होता एकच — उंच, सावळा, माझ्यासारखाच उशिरा आलेला प्रज्ञेश. खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आणि सुट्टीचे दोन्ही दिवस या प्रशिक्षणाला दिलेले. मी लोणी काळभोरच्या कॉलेजात ग्रंथपाल.

पोरांच्या मनाचं दुखणं वाढायच्या आत ओळखा, शिकवणाऱ्या शर्मिलाताई सांगत होत्या. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही, कोंडलेलं मोकळं होतं.

सरावासाठी प्रज्ञेश विद्यार्थी झाला.

"तुम्हाला कधी... म्हणजे तसं काही... वाटतं का?"

"तसं म्हणजे? चहा घ्यावासा?"

"आमच्या सदाशिव पेठेत असं तोंडावर विचारत नाहीत."

"पाट्या तर तोंडावरच लावता की."

हसले, आणि मग त्याला खरं ते सांगितलं. माझ्या वाचनालयात निकिता नावाची मुलगी रोज खिडकीपाशी बसायची, पंधरा दिवस पुस्तकाचं एकच पान उघडं ठेवून. सोमवारी तिला विचारायचं होतं, आणि माझी जीभ रेटत नव्हती.

हे ऐकलं नि त्याची थट्टा थांबली. अकरावीत आपणही असेच बसायचो, म्हणाला. एका सरांनी विचारलं म्हणून... हिवाळ्याचं कोवळं ऊन त्याच्या पापण्यांवर थरथरलं. स्वतःला मिळालेला हात दुसऱ्याला द्यायला निघालेला हा माणूस — मी बघतच राहिले. मग कॅन्टीनमध्ये त्यानं ते विचारायचं वाक्य माझ्याकडून दहादा म्हणवून घेतलं. दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

सोमवारी मी निकितासमोर बसले. "निकिता, मरून जावं असं वाटतं का गं तुला?"

तिची मान होकारात हलली, नि बांध फुटला... "पद्मजा मॅडम, कुणी विचारलंच नव्हतं हो."

तिला एकटं सोडलं नाही. कॉलेजच्या समुपदेशक आल्या, धायरीहून आई आली, आणि तिघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. मग मी वाचनालयाला कुलूप लावलं.

बाहेर पायऱ्यांवर प्रज्ञेश बसला होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

"तिच्यासाठी तुम्ही होतात," तो म्हणाला. "म्हटलं, तुमच्यासाठी कोण आहे..."

माझ्या स्वारगेटच्या बसमध्ये मी बोलत राहिले, तो ऐकत राहिला. हडपसर आलं, नि गेलं. घरी जायला वाघोलीची बस त्याला तिथेच धरायची होती.

"अहो, तुमचा स्टॉप गेला."

"जाताना पाहिला मी."

"मग उतरला का नाहीत?"

"तुमचं बोलणं संपलं नव्हतं. आणि... मला ते संपायला नकोय. आजच नाही — कधीच."

कंडक्टर येऊन उभा राहिला. साहेब, तिकीट हडपसरपर्यंतच होतं, म्हणाला. प्रज्ञेश खिसा चाचपत माझ्याकडे बघत राहिला; उत्तर हवं होतं, ते कंडक्टरला नव्हे.

माझी जीभ या वेळी अडली नाही.

"यांचं स्वारगेट द्या," मी पैसे पुढे केले. "आम्ही बरोबर आहोत."