बंद गाडी पाणी पिते

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे.

ही भर दुपारची आहे. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची आहे. "असं कुठं असतं का" म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या बहिणीच्या डोळ्यांत बघावं आणि मग म्हणावं.

डोंगरातल्या तारुतुंगहून समुद्रकाठच्या सिबोल्गाला उतरणाऱ्या घाटात माझं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. वरच्याच वळणावर झरा आहे. बांबूच्या पन्हळीतून बारा महिने धार पडते. ट्रकवाले तिथं थांबतात, गाडीला पाणी पाजतात, पहिला पेला जमिनीवर ओततात आणि म्हणतात, "माफ करा, ओप्पुंग." ओप्पुंग म्हणजे आजोबा. त्या जागेचे जे कुणी जुने मालक असतील ते. चर्चला जाणारे आम्ही सगळे, पण झऱ्यावर हे म्हटल्याशिवाय एकही ड्रायव्हर पुढं जात नाही.

एक सोडून.

बाजाराचा शनिवार होता. ऊन असं की पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. सहात दाजी खाऱ्या मासळीचा रिकामा ट्रक घेऊन आले. शेजारी माझी ताई, लामरिया. सातवा महिना. तिला खाली सिबोल्गाला दवाखान्यात दाखवायचं होतं.

"लाएएए," दाजी खिडकीतून म्हणाले, "गाडी पाणी पितेय."

लाए म्हणजे मेव्हणा. आमच्याकडे कुणीही कुणालाही लाए म्हणतो. पण असं ओढून, लाडात येऊन म्हणणारे हे एकटेच.

"कूलंट घातलं की एका फेरीत गायब," ते म्हणाले. "बघ जरा लवकर. निघायचंय."

"ताई, तू उतर," मी म्हणालो. "फॉल्ट सापडल्याशिवाय तू या गाडीत बसणार नाहीस. घाटात इंजिन तापून गाडी बंद पडली, ब्रेक गेले, तर काय करशील?"

मी होज पाहिले. क्लॅम्प पाहिले. वॉटर पंप पाहिला. गळती असली की कूलंटचा हिरवा ओघळ कुठं ना कुठं दिसतोच...

कुठंच नव्हता.

ऑइल स्वच्छ. धुरात वाफ नाही. पंप लावून दाब दिला. दाबाचा काटा जराही खाली आला नाही.

"तुमची गाडी तुमच्यावरच गेलीय, दाजी," मी म्हणालो. "पिते आणि कबूल करत नाही."

ताई खो-खो हसली. दाजी हसले नाहीत.

मी काठोकाठ पाणी भरलं. खाली कोरडा पुठ्ठा सरकवला. इंजिन बंद. झाकण उघडंच ठेवलं आणि आम्ही कॉफी प्यायलो.

परत येऊन पाहिलं तर पुठ्ठा कोरडा...

आणि पाणी वीतभर खाली.

चालती गाडी पाणी पिते, हे समजू शकतो. बंद गाडी? मी कान लावला. आधी काहीच नाही. मग आत...

घोट.

घोट.

आणि शेवटी, तहानलेला माणूस सोडतो तसा एक सुस्कारा.

मी दाजींकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि मला भीती वाटली ती त्याची.

"दाजी, पाणी कुठं भरता तुम्ही?"

"घरून आणतो. कॅनमधून."

"झरा वाटेत असताना?"

उत्तर ताईनं दिलं.

"महिना झाला, झरा आला की हे काच वर करतात. मी म्हटलं, अहो, माफ करा तरी म्हणा. तर माझ्यावरच ओरडले."

महिना झाला...

महिन्यापूर्वीच झऱ्यावरचे जाइहुत आजोबा गेले होते. झऱ्याशेजारी झोपडीत राहायचे. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला कान असलेल्या निळ्या पत्र्याच्या पेल्यात पाणी द्यायचे. त्यांनाही आम्ही ओप्पुंगच म्हणायचो. पहाटे कुणीतरी ट्रकनं उडवलं आणि पळालं. ते खालच्या गवतात फेकले गेले, म्हणून दुपारपर्यंत कुणाला दिसले नाहीत. वर आणणाऱ्यांत मी होतो. त्यांचा जीव लगेच गेला नव्हता. तोंडात चिखल होता. जीव जाईपर्यंत ओल्या मातीतून पाणी चोखत होते बिचारे. सगळ्या घाटाला पाणी पाजणारा माणूस!

पेला मात्र सापडला नव्हता.

मातीला घाटातले सगळे ड्रायव्हर आले होते. दाजी नव्हते. कंबर धरलीय म्हणाले होते.

मी पुढची जाळी खोलली. रेडिएटर बाहेर ओढला. त्याच्या पोटात, पत्र्यांच्या पापुद्र्यांत काहीतरी रुतून बसलं होतं. पकडीनं ओढून काढलं.

निळ्या पेल्याचा कान.

तो निघाला तिथं करंगळी जाईल एवढं भोक होतं. एवढ्या भोकातून सगळं पाणी क्षणात रस्त्यावर यायला हवं. माझा दाबाचा काटा शून्यावर यायला हवा होता.

भोक कोरडं ठणठणीत होतं.

ताईनं तो कान माझ्या हातातून घेतला. ओळखला.

"तुम्ही?" ती म्हणाली. "अहो... तुम्ही?"

"अंधार होता," दाजी म्हणाले. "ते पाणी पाणी म्हणत होते. मला वाटलं, तसेही वाचणार नाहीत. मी काच वर केली." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "लाए, बुजव ते. आधी बुजव!"

सांगतो, त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला मला. धरला नाही, ताईकडे बघून. मी बत्ती पेटवली आणि भोकाला डाग दिला. पक्का. रेडिएटर बसवला, पाणी भरलं, कान लावला.

आवाज बंद.

पाणी जागच्या जागी.

"झालं," मी म्हणालो. "आता पोलीस चौकीवर चला."

दाजींनी ओठांवरून जीभ फिरवली.

"चलतो. आधी पाणी दे."

मी जग दिला. त्यांनी संपवला. दुसरा संपवला. मग माझी हात धुवायची बादली उचलून तोंडाला लावली. ओठ बघता बघता चिरत होते...

मी त्या तहानेचं तोंड बुजवलं होतं. ती दुसरीकडून प्यायला लागली होती.

"पुरत नाहीय!" ते किंचाळले आणि रस्त्यानं वर पळत सुटले. झऱ्याकडे.

मी मागे धावलो. पोचलो तेव्हा ते पन्हळीला तोंड लावून बसले होते, आणि धार थांबली होती.

तोंड बाजूला घेतलं... धार सुरू.

तोंड लावलं... बंद.

मी माझ्या ओंजळीत पाणी धरून त्यांच्या ओठांपर्यंत नेलं. ताईसाठी नेलं, खोटं कशाला बोलू? ओठांशी पोचेपर्यंत ओंजळ कोरडी झाली होती.

शेवटी ते खाली बसले आणि ओला चिखल मुठीमुठीनं तोंडात कोंबू लागले. मी हात धरले, पण आवरेनात.

दाजी तिथंच गेले. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. म्हणोत.

ताईला मुलगी झाली. दोघी माझ्याकडेच असतात. तो ट्रक कुणी घेत नाही, दुकानामागे उभा आहे. रेडिएटर काठोकाठ भरलेला असतो, मी रोज पाहतो. सवयच लागलीय.

परवा दुपारी झऱ्यावर गेलो होतो. पहिला पेला ओतला. "माफ करा, ओप्पुंग," म्हणालो. आसपास चिटपाखरू नव्हतं. वळणार, तेवढ्यात गवतातून...

"लाएएए... एक घोट."

हातात दुसरा भरलेला पेला होता. माझी ताई आठवली. चिखल भरलेलं आजोबांचं तोंड आठवलं. मी पेला पन्हळीखाली रिकामा केला, दगडावर उपडा ठेवला आणि खाली आलो.

दुकानामागं जाऊन ट्रकचं झाकण उघडलं.

पाणी वीतभर खाली गेलं होतं.