ज्याची त्याची गोळी

गाजरगवताला फुलोरा आला आणि निरवाडीच्या मेडिकलसमोर शिंकणाऱ्यांची रांग लागली. ॲलर्जीची गोळी आता पाकिटातून मिळत नसे. काउंटरवरच्या यंत्रात बोट घालायचं. यंत्र रक्ताचा थेंब तपासून त्या एकट्या माणसापुरती गोळी घडवायचं आणि तिच्यावर नाव छापायचं. एकाची गोळी दुसऱ्याने खाल्ली तर डोक्यात संताप भडकायचा. म्हणून दुकानदार हेमलता कुंभोजकर प्रत्येकाला बजावत, ज्याची त्यानेच खायची.

त्या दुपारी फौजदार दुकानात आले. त्यांच्यामागे सगुणा भोईटे होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठाला पाच टाके. आदल्या दिवशी नवऱ्याने, अंकुशने, तिला पंपाच्या पान्याने मारलं होतं. हाड मोडल्याचा आवाज आला तरी मारलं, ती खाली पडल्यावरही मारलं. दोन दात फरशीवर सांडले, तेव्हा कुठे शेजाऱ्यांनी दार फोडून तिला सोडवलं.

अंकुश चौकीत रडत बसला होता. रांगेत कोण उभं राहणार, म्हणून बायकोची गोळी खाल्ली. बायकोचीच तर होती, परक्याची थोडीच, असं त्याचं म्हणणं. त्याच्या रक्तात ती सापडलीही होती. नव्या कायद्याप्रमाणे, औषधाच्या भरात हात उठला असं दुकानदाराने लिहून दिलं की आरोपी सुटायचा. म्हणजे अंकुश संध्याकाळपर्यंत घरी, सगुणाकडे.

फौजदारांनी कागद पुढे सरकवला. "मॅडम, या गोळीनं राग येतो का, एवढंच लिहा."

हेमलताबाईंनी यंत्रातली नोंद वाचली. अंकुशच्या रक्तात ती गोळी अर्ध्या तासात चढली असणार, यात शंका नव्हती. खोटं लिहिता येणार नव्हतं.

"येतो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

सगुणाने डाव्या हाताने कागद दाबून धरला. टाके ताणले जाऊ नयेत म्हणून ती एकेक शब्द सावकाश बोलत होती. गोळी खाऊन मालक आधी शेतावर गेले, दोन तास तिथेच होते. पाण्याच्या पाळीवरून रावसाहेब पाटलांनी त्यांना चारचौघांत आईवरून शिवी दिली, थोबाडीत मारली. मालकांनी हात जोडले आणि मान खाली घालून घरी आले.

"राग तर तेव्हाच चढलेला होता की, ताई. मग घरात आल्यावर आधी आतून कडी लावली, ती कशी सुचली? तेपण गोळीनंच सांगितलं का?"