न मोडलेली आठवण

शनीची मोहीम एकटीने पार पाडून परतलेली कालिंदी ताम्हनकर यानातून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली, तेव्हा तळावर टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकी वर्षं गुरुत्वाविना राहून कुणाचेच स्नायू असे टिकले नव्हते.

तिची मुलगी शाल्मली धावत पुढे गेली. कालिंदी तिच्याकडे पाहून परक्यासारखी हसली.

"माझी शाल्मली कुठंय? तिला आणलं नाही कुणी?"

संध्याकाळी पुनर्वसन केंद्रात शाल्मलीने डॉक्टर यास्मिन मुल्लांना गाठलं. मोहिमेआधीचे उपचार त्यांनीच केले होते.

"नको असलेल्या प्रथिनावर पेशी एक खूण चिकटवते," डॉक्टर म्हणाल्या. "उबिक्विटिन. तीन प्रकारची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मिळून ते काम करतात. पहिलं खूण सज्ज करतं, दुसरं ती वाहून नेतं, आणि कुणाला लावायची ते तिसरं ठरवतं. खुणेला खूण जोडून साखळी झाली, की पेशीतलं विघटनयंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करतं. स्नायू झिजतात ते असेच. ते टिकावेत म्हणून आम्ही तुझ्या आईचं तिसऱ्या प्रकारातलं एक विकर बंद केलं."

"मग त्या मला का ओळखत नाहीत?"

आईला आपण 'त्या' म्हणालो, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"तेच विकर मेंदूतही लागतं, हे आम्हाला उशिरा कळलं. आठवण बदलायची तर तिचे जुने दुवे आधी मोडावे लागतात. त्यांचे मोडतच नाहीत. त्यांची शाल्मली अजून सात वर्षांची आहे."

विकर पुन्हा सुरू करणारं औषध होतं. पण ते देताना जी आठवण जागी असेल, तीच आधी मोडणार होती; आणि कालिंदीच्या मनात सतत जागी होती ती सात वर्षांची शाल्मली. डॉक्टरांनी कालिंदीला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे छोटी जाणार?"

"तिच्या जागी ही येईल, कालिंदीताई. ही तीच आहे."

कालिंदीने शाल्मलीला नीट निरखलं. "गुणी दिसते हो पोर. पण ही ती नाही." मग हळूच म्हणाली, "तिथं बोलायला कुणीच नव्हतं. रोज मनातल्या मनात तिची वेणी घालायचे, म्हणून शहाणी राहिले. आता घरी पोचल्यावर तिलाच मोडू? नको मला औषध."

"आई, अगं..." शाल्मलीला रडू फुटलं.

कालिंदीने जरा संकोचत पदराने तिचे डोळे पुसले.

"रडू नये, बाळा. अंधार पडायच्या आत घरी जा. तुझी आई वाट बघत असेल."