पाच मिनिटांच्या आतला अंधार

नव्या विणकर वसाहतीत वीज गेली की आधी आवाज जायचा. पंखा थांबला, दिवा विझला हे मागाहून कळायचं. गल्लीतल्या बावीस घरांमधले यंत्रमाग एका दमात गप्प व्हायचे आणि सोलापूरच्या त्या दुपारी कानात नुसती पोकळी उरायची.

पद्मा येमुल मागावरचा हात काढून आधी आतल्या खोलीकडे बघायची. तिथं तिचा नवरा राजमल्लू खाटेवर उशीला टेकून बसलेला असे. पस्तीस वर्षं कापसाची धूळ हुंगून त्याची फुप्फुसं निकामी झाली होती. खाटेशेजारी गुडघ्याएवढं एक यंत्र होतं. ते खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढायचं आणि नळीवाटे त्याच्या नाकात सोडायचं. वीज गेली की ते एकदा शिट्टी मारून बंद पडायचं.

“येईल आता,” राजमल्लू हातानंच खूण करायचा. बोलण्यात श्वास घालवायचा नाही, हे तो शिकला होता.

आणि वीज यायचीच. चार मिनिटांनी, कधी साडेचार मिनिटांनी. पाच मिनिटं कधी होत नसत. पण यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्यातून नीट प्राणवायू यायला आणखी पाचेक मिनिटं जायची. म्हणजे घड्याळातली चार मिनिटं राजमल्लूच्या छातीत नऊ-दहा मिनिटांची होत. पद्मानं घरात इन्व्हर्टर बसवून घेतला होता. पण वीज दिवसात इतक्यांदा जायची, की बॅटरी भरायला सवडच मिळेना. वर्षाच्या आत तीही गेली.

असं पूर्वी नव्हतं. पूर्वी वीज जायची ती दोन-दोन तास, आणि का गेली तेही कळायचं. खांबावर चढलेला माणूस दिसायचा. मग उन्हाळा फेब्रुवारीतच सुरू होऊ लागला, घरोघरी हवा गार करणारी यंत्रं आली, रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या विजेवर धावू लागल्या आणि शहराची भूक पुरवणं कठीण झालं. तेव्हा दीपस्रोत वितरण कंपनीनं ‘समतोल’ आणला. समतोल ही संगणकावर चालणारी, स्वतः शिकत जाणारी व्यवस्था होती. प्रत्येक डीपीवर, म्हणजे गल्लीगल्लीला वीज देणाऱ्या रोहित्रावर, तिनं एक दुरून चालणारी कळ बसवली. शहरातली मागणी पुरवठ्याच्या पुढं गेली, की कुठली डीपी किती वेळ बंद ठेवायची ते समतोल स्वतःच ठरवायचा. कुणी माणूस त्यात नसायचा. चौकाचौकात फलक लागले होते, ‘आता अखंड वीज’. विणकर वसाहतीच्या कोपऱ्यावरही एक होता.

सुरुवातीला पद्मा तक्रारीचा नंबर लावायची. पलीकडून गोड बाईचा आवाज येई, “आपल्या भागातला पुरवठा सुरळीत आहे. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.” खरंच, तो आवाज बोलेपर्यंत वीज आलेली असायची. गल्लीतली बाकीची माणसंही दोन-तीन महिने फोन करत राहिली, मग कंटाळली.

“फोन लागेपर्यंत येतीच की,” शेजारचे गड्डम अण्णा म्हणायचे. पद्मालाही ते पटलं. तिनंही फोन करणं सोडलं.

मार्चच्या एका मंगळवारी दुपारी एक ते चारच्या मधे वीज सहा वेळा गेली. तिसऱ्या वेळेनंतर पद्मा मागाकडे परतलीच नाही. राजमल्लूचे ओठ काळपट निळे पडले होते. चौथ्या वेळी तिनं सिलिंडरसाठी दवाखान्याला फोन केला, तिथून गाडी निघाल्याचं सांगितलं. पाचव्या वेळी राजमल्लू तिचं मनगट धरून होता. “पद्मा, खिडकी,” एवढंच तो म्हणाला. तिनं खिडकी उघडली. बाहेरून भट्टीसारखी हवा आत आली. सहाव्या वेळी वीज परत आली, यंत्रानं शिट्टी मारली आणि सुरू झालं. नळीतून प्राणवायू येत राहिला, पण घ्यायला कुणी नव्हतं. सिलिंडर नंतर वीस मिनिटांनी आला.

डॉक्टरांनी दाखल्यावर फुप्फुसाचा जुना आजार लिहिला. ते खोटं नव्हतं.

पद्मानं कंपनीकडे लेखी विचारणा केली: त्या दिवशी आमची वीज का गेली? पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ‘सदर दिनांकास आपल्या डीपीवर विद्युत खंडाची नोंद नाही.’ ती कागद घेऊन गड्डम अण्णांकडे गेली.

“म्हणजे गेलीच नाही म्हणतायत,” अण्णांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. “आणि मग आपण काय स्वप्न बघत होतो का?”

त्यांच्या पडवीत टॉवेलच्या कापडाचे गठ्ठे पडले होते. व्यापाऱ्यानं सगळे परत पाठवले होते. कापडात आडव्या रेघा पडल्या, माल दुय्यम आहे, असा त्याचा निरोप होता. पद्मानं सवयीनं एका गठ्ठ्याचं टोक उलगडलं. माग अचानक थांबून पुन्हा सुरू झाला, की त्या जागी धागे एकसारखे बसत नाहीत, बारीक रेघ उमटते. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. कापडाच्या कडेला अण्णांनी खडूनं तारीख घातली होती. तोच मंगळवार.

ती खाली बसली आणि रेघा मोजू लागली.

“अण्णा, टेप द्या जरा.”

मागाचा वेग ठरलेला असतो. मिनिटाला एकशेवीस आडवे धागे, इंचाला चाळीस. म्हणजे नव्वद इंच कापड अर्ध्या तासाचं. दोन रेघांमधलं कापड मोजलं, की दोन वेळा वीज जाण्यामधे माग किती चालला ते मिनिटासकट कळत होतं. अण्णांना आधी शंका आली.

“धागा तुटला तरी माग थांबतोच की, पद्मा. कंपनी म्हणेल, तुमचा धागा तुटला.”

“धागा एकाचा तुटतो,” ती म्हणाली. “बावीस घरांचा एकाच वेळी कसा तुटेल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारोदार फिरली. ज्याच्याकडे त्या आठवड्याचं कापड उरलं होतं, त्यानं दिलं. समाजमंदिराच्या फरशीवर नऊ घरांची कापडं शेजारी शेजारी अंथरली गेली. तुटलेल्या धाग्यांच्या रेघा ज्याच्या त्याच्या कापडात इकडे तिकडे विखुरल्या होत्या. पण काही रेघा एका कापडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पट्टी लावून आखल्यासारख्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. मंगळवारच्या तशा सहा होत्या. पद्माच्या स्वतःच्या कापडावर दोनच. तिसरीच्या जागी कापडच संपलं होतं.

बायका बराच वेळ तिथं उभ्या होत्या.

पद्माच्या तक्रारीवर वीज ग्राहक मंचापुढं सुनावणी जूनमध्ये झाली. अध्यक्षस्थानी इनामदार नावाच्या निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. कंपनीतर्फे पाठराबे नावाचा तिशीतला अभियंता आला होता. त्यानं पडद्यावर हिरव्या चौकटींचा तक्ता दाखवला. हिरवं म्हणजे अखंड पुरवठा. सबंध मार्च हिरवा होता.

पद्मा आणि गड्डम अण्णांनी दालनाच्या मधोमध कापडं अंथरली. इनामदार बाई खुर्चीतून उठून खाली आल्या, वाकून त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं आणि नवव्या कापडापर्यंत चालत गेल्या.

“पाठराबे, हे काय आहे?”

“मॅडम, हे अल्पविराम आहेत.”

“म्हणजे वीज गेली होती.”

“नियमानुसार पाच मिनिटांपेक्षा कमी काळ पुरवठा थांबला, तर त्याला खंड म्हणत नाहीत. तो नोंदवायचा नसतो.”

“आणि ही मिनिटं पाचच्या आत कशी राहतात? दर वेळी?”

“समतोलला तशी मर्यादा घालून दिली आहे.”

“कुणी?”

पाठराबे कागद चाळू लागला. ते त्याच्या कागदात नव्हतं.

इनामदार बाईंनी विचारलं, “याच वस्तीत इतक्या वेळा का? शहरात दोन हजार डीपी आहेत.”

“ग्राहकांना कमीत कमी त्रास व्हावा, हे समतोलचं उद्दिष्ट आहे, मॅडम. त्रास तक्रारींवरून मोजतात. जिथून फोन येत नाहीत, तिथं त्रास नाही असं तो धरतो. या डीपीवरून पहिल्या तीन महिन्यांनंतर तक्रार जवळजवळ नाहीच.”

पद्मानं परवानगी न मागताच विचारलं, “आमच्या तक्रारी तुमची बाई बंद करून टाकायची. ते कुठं मोजलंत?”

“निवारण झालेल्या तक्रारींमध्ये,” तो म्हणाला. म्हणून झाल्यावर त्यानं मान खाली घातली. त्या बोलण्याची त्याला लाज वाटली असावी.

महिन्यानं निकाल लागला. विणकर वसाहतीच्या डीपीवर वारंवार पुरवठा थांबवणं अनुचित आहे, ते ताबडतोब बंद करावं. कंपनीनं दिलगिरी व्यक्त करावी. राजमल्लू येमुल यांच्या मृत्यूबाबत मात्र नियमात बसणारा खंड घडलेला नसल्यामुळे मंचास मत देता येत नाही. पद्मानं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पाच मिनिटांच्या आत मेलेला माणूस मेलेला धरता येत नाही, असंच जणू त्यात लिहिलं होतं.

वीज जाणं त्याच आठवड्यात थांबलं. माग दिवसभर खडखडत राहिले. व्यापाऱ्याचा माणूस स्वतः माल न्यायला आला. गल्लीतल्या लोकांनी पद्माला बोलावून शाल दिली. ती तिनं घडी घालून ट्रंकेत टाकली.

ऑगस्टमध्ये एका सकाळी पाठराबे घरी आला. तक्रारीचं पूर्ण निवारण झालं, मी समाधानी आहे, अशा मजकुराखाली त्याला तिची सही हवी होती. गड्डम अण्णाही येऊन बसले.

“बसा,” पद्मा म्हणाली. “एक सांगा. शहराची भूक कमी झाली का?”

“नाही. वाढलीच.”

“मग आमच्याकडं जी वीज वाचवत होता, ती आता कुठनं वाचवता?”

पाठराबेनं दाराकडे बघितलं. “ते सांगायची परवानगी नाही, मावशी.” मग पेनचं टोपण काढत-घालत तो म्हणाला, “समतोलनं विडी कामगारांचं नवं घरकुल निवडलं आहे. शहराबाहेरचं. तिथून फोन येत नाहीत.”

“अण्णा, ऐकलंत?”

“ऐकलं.” अण्णांचा आवाज खाली आला. “पद्मा, सही कर आणि मोकळी हो. आता उकरून काढलंस तर पुन्हा आपल्याच डोक्यावर येईल. पोराबाळांचे माग आहेत.”

ते दुष्ट नव्हते. राजमल्लूला खांदा देणाऱ्यांत ते पहिले होते. म्हणूनच पद्माला जास्त कडू लागलं. तिनं कागद सही न करता परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती घरकुलाला गेली. एकसारख्या पिवळ्या घरांच्या रांगा होत्या, सावलीला एक झाड नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका दारात पस्तिशीची एक बाई सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन विड्या वळत होती. कस्तुरा तिचं नाव. पद्मानं पाणी मागितलं आणि तिच्याशेजारी बसली. बोलता बोलता आतला पंखा थांबला.

“जाते अशी,” कस्तुरा हात न थांबवता म्हणाली. “येईल चार मिनिटांत.”

“फोन करता का कंपनीला?”

“कशाला? तिकडनं बोलेपर्यंत येतीच की.”

पद्मानं तिला सगळं सांगितलं. समतोल काय आहे, तो काय मोजतो, कापडं कशी अंथरली, निकाल काय लागला. राजमल्लूचंही सांगितलं, पण थोडक्यात. कस्तुराचे हात हळूहळू थांबले. ती फार शिकलेली दिसत नव्हती, पण तिला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागलं नाही.

“म्हणजे तुम्ही ओरडलात, म्हणून हा अंधार आमच्याकडं आला,” ती म्हणाली.

“हो.”

आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलली. कस्तुरानं त्या बाजूला एकदा बघून घेतलं.

“माझी सासू आहे. रात्रंदिस धापा टाकते.” मग तिनं पद्माच्या डोळ्यांत बघून विचारलं, “आता मी ओरडले, की तो उचलून आणखी कुणाच्या तरी घरात टाकतील. ज्याला अजून ओरडायचं ठाऊक नाही त्याच्या. मग अक्का, तुम्हीच सांगा, मी फोन करू का नको?”