डक्टमधले सांडगे

"हात्तिच्या… सांडगे? अमेरिकेत येऊन मी सांडगे झाडतोय? आईला कळलं तर जेवायची नाही ती."

कुरकुर अगदी कानाशी झाली आणि कानाशी तर कोणीच नव्हतं.

मी बेसमेंटमध्ये ड्रायरसमोर उकिडवी बसले होते. दोनदा फिरवूनही टॉवेल ओलेच निघाले होते, म्हणून त्यांच्यावर चिडले होते. आवाज आला तो डोक्यावरून गेलेल्या पत्र्याच्या डक्टमधून. वर हॉलमध्ये डक्ट साफ करायला आलेला माणूस जमिनीतल्या जाळीत डोकं खुपसून बसलाय, हे मला ठाऊक होतं. तो मराठी आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी गिरीशदादानं दार उघडलं तेव्हा त्याच्या नाकावर मास्क होता, डोक्यावर टोपी होती. दादा त्याच्याशी इंग्रजीत बोलला, तोही इंग्रजीत बोलला, संपलं.

मी डक्टकडे तोंड केलं. का केलं, देव जाणे.

"टाकू नका ते. आमटीत घालता येतील."

वर काहीतरी धातूचं खण्णकन पडलं.

"कोण… कोण बोलतंय?"

"डक्ट."

मग अगदी अदबीनं, "डक्टबाई, हे सांडगे कधीचे आहेत?"

"गेल्या हिवाळ्यातले."

"मग आमटी तुम्हीच खा."

हे पंच्याऐंशी सालचं. ओहायोतल्या डब्लिनमध्ये दादाचं नवं घर होतं. तिथल्या घरांत तळाशी भट्टी असते. तिचा गरम वारा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जातो आणि जमिनीतल्या जाळीतून वर येतो. लतिकावहिनीच्या आई, म्हणजे सुमित्रामावशी, लेकीकडे राहायला आल्या आणि त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात या वाऱ्याचा गुण ओळखला. ओहायोचं ऊन नोव्हेंबरात रजेवर जातं. मग वाळवण घालायचं कुठे? मावशींनी जाळीजाळीवर जुन्या साडीचे तुकडे अंथरले आणि मुगाच्या डाळीचे सांडगे घातले. सांडगे सुरेख वाळले. जे जाळीतून खाली गेले, ते तर फारच वाळले. या ऑक्टोबरात पहिल्यांदा भट्टी पेटवली तेव्हा घरभर करपलेल्या हिंगाचा असा दरवळ सुटला की शेजारच्या बाई विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना.

म्हणून हा माणूस. नाव प्रल्हाद.

तो खाली आला तेव्हा मास्क गळ्यात होता आणि चेहरा धुळीनं राखाडी. फक्त मास्कखालचा भाग गोरा राहिला होता, तोच हसत होता.

"डक्ट तुम्हीच का?"

"सध्या मीच."

त्यानं ड्रायर पुढे ओढला, मागचा पाइप सोडवला, लांब दांड्याचा ब्रश आत घातला आणि पिळत पिळत बाहेर काढला. त्याबरोबर कपड्यांच्या धाग्यांचा लोकरीसारखा मऊ गोळा आला. मग आणखी एक. उशी भरली असती.

"यानं टॉवेल वाळत नव्हते. पेटलंही असतं एखाद्या दिवशी." त्यानं गोळा उजेडात धरला. "बरंच निळं आहे. निळं कोण घालतं एवढं?"

"घालतं कोणीतरी."

त्यानं माझ्या निळ्या स्वेटरकडे पाहिलं, आणि लगेच पुन्हा गोळ्याकडे. कान मात्र लाल झाले. धूळ असूनही दिसले.

दुपारी तो पुन्हा खाली आला, मूठ मिटून.

"हे तुमचं पडलं होतं बहुतेक. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या डक्टमध्ये, वळणावर अडकलं होतं."

त्यानं मूठ उघडली. काळे मणी, दोन वाट्या. धुळीत माखलेलं माझं मंगळसूत्र.

मी दादाकडे आले होते ती क्लीव्हलंडहून, एका सुटकेसनिशी. लग्न एक वर्ष कसंबसं टिकलं होतं. पुढे कोर्टाचा कागद आला, तो दादानं कपाटात ठेवला, आणि त्या कागदावरचा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. मंडळाच्या कार्यक्रमात दादा ओळख करून द्यायचा, "ही माझी धाकटी बहीण, पद्मिनी. सध्या आमच्याकडे असते." ऐकणारे समजायचे आणि ताटातल्या श्रीखंडाकडे बघायचे. आमच्याकडे काही न विचारण्यालाच माया म्हणत. वाईट नव्हती माया. पण तिच्यात गुदमरायला व्हायचं.

"पडलं नव्हतं," मी म्हटलं. "टाकलं होतं."

आता हाही कुठेतरी दुसरीकडे बघेल, असं मला वाटलं. तो मण्यांकडे बघत राहिला. खरोखरच विचार करत होता.

"मग… परत टाकू? आत्ताच साफ केलंय, पण तुम्ही म्हणाल तर—"

मी हसले. ड्रायरला धरून हसले. किती दिवसांनी हसले ते सांगत नाही, तुम्हाला वाईट वाटेल.

मंगळसूत्र मी संध्याकाळी दादाच्या हातात ठेवलं. त्यानं काही न विचारता ते खिशात घातलं.

पुढच्याच आठवड्यात मावशींनी प्रल्हादला फोन केला. "अरे, अजून वास येतोय."

दादा म्हणाला, "मला तर नाही येत."

"तुझं नाक चोंदलंय," मावशी म्हणाल्या.

प्रल्हाद आला. जाळ्या उचलल्या, टॉर्च मारला, वास घेतला. "नाही हो मावशी, काही नाही."

"असं म्हणतोस? बरं. पोहे खाऊन जा."

त्यानंतर भट्टीतला हवेचा फिल्टर बघायला आला. मग भट्टी घुर्र करते म्हणून आला. भट्टी घुर्र करतच नव्हती. मावशींना कमी ऐकू यायचं, म्हणजे नको असलेलं कमी ऐकू यायचं. नसलेलं घुर्र मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

फिल्टर बेसमेंटमध्ये. टॉवेलांच्या घड्याही बेसमेंटमध्ये. बाहेर बारीक गार पाऊस, छोट्या खिडकीला चिकटलेलं मेपलचं तांबडं पान, ड्रायरची ऊब, आणि आम्ही दोघं अंतर ठेवून बोलत असू. तो सांगलीचा. कोलंबसला मेकॅनिकलचं एम.एस. करून नोकरीला लागला आणि मंदीत ती गेली. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली पोटापुरतं काम धरलं, त्यानंच निवृत्त होताना आपला ट्रक याला दिला.

"आणि घरी काय सांगितलंयत?"

"एअर सिस्टिम्समध्ये आहे म्हणून." तो स्वतःशीच हसला. "खोटं नाही ना ते?"

"नाही. माझं 'सध्या' आहे ना, तसंच."

"आवडतं हो मला हे काम. घर मोकळा श्वास घ्यायला लागतं… पण आईला सांगायला जीभ रेटत नाही."

टॉवेलाचं दुसरं टोक त्यानं धरलं. घडी घालताना माणसांना जवळ यावंच लागतं, त्याला इलाज नाही. बोटं बोटांना लागली आणि दोघंही टॉवेलाकडेच बघत राहिलो, जसं काही त्यावर बातम्या छापल्या होत्या.

"तुझे हात गार आहेत," तो म्हणाला. आणि मग, "म्हणजे तुमचे—"

"राहू दे," मी म्हटलं. "'तुझे'च बरं आहे."

नोव्हेंबरच्या मध्यावर डॅलसहून स्थळ आलं. मुलगा एका तेलकंपनीत, आणि त्याचे जगन्नाथकाका सगळं बघत होते. दादा खूश होता. कितीतरी दिवसांनी तो शीळ घालत जिना उतरला, आणि त्या शिळेमुळेच मला त्याला नाही म्हणवेना.

त्या शनिवारी प्रल्हाद आला तेव्हा मी सांगून टाकलं. "डॅलसचं स्थळ आहे. काकांचा फोन येणार आहे आज."

तो फिल्टर काढत होता. हात थांबले.

"चांगलं आहे… तिकडे थंडी कमी असते."

"एवढंच?"

"आणि… डक्टही छोटे असतात म्हणे."

"प्रल्हाद!"

"काय बोलू मी?" त्यानं पहिल्यांदाच आवाज चढवला, मग खाली आणला. "तेलकंपनी कुठे आणि मी कुठे! दादा अजून माझ्याशी इंग्रजीत बोलतात, पद्मिनी. मी काय म्हणून विचारू?"

वर फोन वाजला.

फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवर होता आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीत जाळी. डक्ट आता आतून लख्ख होता. अडवायला सांडगे नव्हते की धूळ नव्हती. दादाचा शब्दन् शब्द आमच्या दोघांच्या मधोमध येऊन पडू लागला.

"नमस्कार जगन्नाथकाका… हो हो, फोटो मिळाला… पद्मिनी ना? शांत आहे हो. सध्या आमच्याकडेच असते…"

प्रल्हाद फिल्टरकडे बघत होता. मी प्रल्हादकडे.

"काय म्हणालात?… नाही नाही, काका…" दादा अडखळला. वहिनीनं भांडं ठेवल्याचा आवाज आला. "हो… पहिलंच. पहिलंच आहे तिचं."

आजवर घरात नुसतं न बोलणं होतं, त्याचं आज खोटं बोलणं झालं. दादानं ते मायेनंच केलं होतं, हे मला त्याही क्षणी कळत होतं. पण या खोट्यावर संसार मांडायचा? पुन्हा सगळ्यांनी श्रीखंडाकडेच बघायचं, आणि तेही जन्मभर?

मी उभी राहिले. फिल्टर काढलेला होता, भट्टी बंद होती. त्या उघड्या चौकोनात तोंड नेलं.

"दादा, पहिलं नाही. माझा घटस्फोट झालाय. काकांना सांग."

वर वहिनीची बांगडीसुद्धा वाजली नाही.

मग दादाचा आवाज आला, अगदी हळू, पण इतका सरळ मी तो कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

"ऐकलंत, काका?… हो, तिचाच आवाज… खरं आहे ते. मी सांगायला हवं होतं. चूक झाली माझी."

फोन खाली ठेवल्याचा आवाज. लगेच जाळीजवळ काहीतरी सरकलं, आणि मावशींचा आवाज आला, इतका जवळून की त्या खाली वाकूनच बसल्या असणार.

"ती बोलली. आणि दुसरा कोण आहे खाली? मुका आहे का तो?"

प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. कपाळावर काजळी, हातात फिल्टर, आणि त्याला तो खाली ठेवायचंही सुचत नव्हतं. मीच तो काढून घेतला. तो माझ्याशेजारी वाकला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि लागलेलाच राहिला.

"मी… प्रल्हाद बोलतोय," तो त्या चौकोनात म्हणाला. "मी डक्ट साफ करतो. माझ्या आईलाही आज हेच कळवणार आहे. आणि मला… दादा, मला पद्मिनी आवडते. ती हो म्हणाली तर मला तिच्याशी लग्न करायचंय."

"मोठ्यानं बोल रे," मावशी म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो म्हणून. मग तो पुन्हा म्हणाला, सगळं पहिल्यापासून, इतक्या मोठ्यानं की घराच्या प्रत्येक खोलीतून ते वर आलं.